पेन्शनवाल्या आजोबांचा आठवडा

नोकरी संपली म्हणजे माणूस मोकळा झाला, असे लोक म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. पेन्शन घेणाऱ्या माणसाच्या मागे किती कामे असतात, ते त्याचे त्यालाच ठाऊक! बँक, वीज-बिल, दवाखाना, औषधे, एक ना दोन. आणि आताशा प्रत्येक कामात वाचावे लागते. न वाचता चालायचे दिवस गेले.

या धड्यासाठी आपण एक आजोबा मनात आणू. ते वाई गावात राहतात. शाळेत शिपाई होते. साठाव्या वर्षी निवृत्त झाले. आता त्यांना एकाहत्तरावे चालू आहे. उभा जन्म शाळेची घंटा वाजवली, पण स्वतः वर्गात बसायचे राहून गेले. सही तेवढी येत होती. मात्र सहीच्या वर काय लिहिले आहे, ते दुसऱ्याला विचारावे लागे. दोन वर्षांपूर्वी ते तुमच्यासारखेच साक्षरता वर्गात येऊ लागले. नोव्हेंबर महिन्यातला त्यांचा एक आठवडा कसा गेला, ते आपण पाहू.

सोमवार : हयातीचा दाखला

सरकारी पेन्शन घेणाऱ्याला दर वर्षी नोव्हेंबरात ‘मी जिवंत आहे’ असे कळवावे लागते. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. तो वेळेत पोचला नाही, तर पेन्शन थांबते. माणूस धडधाकट असला, तरी कागदावर तो उरत नाही.

आजोबा बँकेत गेले. तिथे पेन्शनवाल्यांची छापील यादी होती. प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही करायची. कारकुनाने घाईघाईने एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हटले, “करा इथं सही.” आजोबांनी चष्मा लावला. ओळ वाचली. आडनाव तेच होते, पण नाव दुसऱ्याचे होते. खाते क्रमांकही आपला नव्हता.

“साहेब, ही ओळ माझी नाही. खालची माझी.”

कारकुनाने पाहिले. “हो की! बरं झालं, वाचलंत.”

विचार करा. आजोबांनी पूर्वीसारखी डोळे मिटून सही केली असती, तर काय झाले असते? त्यांची स्वतःची ओळ कोरी राहिली असती. पुढच्या महिन्यात पेन्शन आली नसती, आणि का आली नाही, हेही लवकर कळले नसते.

हा दाखला संगणकावरूनही देता येतो. त्या सोयीचे नाव ‘जीवन प्रमाण’. ती १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा दिला, की काम होते. पण कष्ट करून करून बोटांच्या रेषा झिजतात, मग ठसा जुळत नाही. म्हणून २०२१ सालापासून मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. ज्याला चालवत नाही, त्याच्या घरी पोस्टमन येऊनही हे काम करतो. त्याचे थोडे शुल्क पडते.

निघताना आजोबांनी पासबुक छापून घेतले. त्यात तीन शब्द ओळखायचे. ‘जमा’ म्हणजे आत आलेले पैसे. ‘नावे’ म्हणजे बाहेर गेलेले पैसे. ‘शिल्लक’ म्हणजे उरलेले पैसे.

मंगळवार : विजेचे बिल

मंगळवारी विजेचे बिल आले. आजोबा आधी किती रुपये, ते पाहत नाहीत. आधी दोन आकडे पाहतात : मागील रीडिंग आणि चालू रीडिंग. मागील २२६८ होते, चालू २३४६ होते. वजाबाकी केली. ७८ युनिट आले. मग उठून मीटर पाहिला. त्यातला आकडा २३४६ च्या थोडा पुढे होता. म्हणजे बिल बरोबर. मीटरमधला आकडा बिलापेक्षा कमी दिसला असता, तर तक्रार करावी लागली असती.

एक युनिट म्हणजे काय? हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज जळते. साठ वॅटचा जुना पिवळा दिवा रोज पाच तास लावला, तर तीस दिवसांत ९ युनिट होतात. नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा तितकाच वेळ लावला, तर दीड युनिटही होत नाही. हा हिशेब आजीने ऐकला, आणि मोरीतला जुना दिवा त्याच दिवशी बदलला गेला.

बुधवार : दवाखाना

आजोबांना रक्तदाब आहे. रक्तदाबाचे दोन आकडे असतात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावते तेव्हाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. १२० वर ८० च्या आसपास असला तर चांगला. पुन्हा पुन्हा मोजूनही १४० वर ९० किंवा त्याहून जास्त भरला, तर डॉक्टर त्याला वाढलेला रक्तदाब म्हणतात.

मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू घेऊ नये. मोजताना बोलू नये. धावतपळत जाऊन हात पुढे केला, तर आकडा उगाच जास्त येतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधापुढे लिहिलेले असते : १-०-१. हे नीट वाचायला शिका. पहिला आकडा सकाळचा, दुसरा दुपारचा, तिसरा रात्रीचा. म्हणजे सकाळी एक गोळी, दुपारी नाही, रात्री एक. ०-०-१ असेल तर फक्त रात्री. हे तीन आकडे ज्याला वाचता येतात, त्याच्या हातून औषधाची वेळ चुकत नाही.

गोळ्यांच्या पाकिटावर तीन गोष्टी वाचाव्या. औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, आणि कोणत्या महिन्यापर्यंत चालेल ती तारीख. दुकानाचे नाव बदलले, कंपनी बदलली, तरी मूळ नाव आणि मिलिग्रॅम तेच पाहिजेत. जनऔषधी केंद्रात त्याच मूळ नावाचे औषध पुष्कळदा बरेच स्वस्त मिळते. बदल करण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारावे.

आणि एक गोष्ट. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बहुतेकांना रक्तदाब वाढलेला जाणवतच नाही. जाणवत नाही म्हणून तो नाही, असे नव्हे.

दवाखान्यातल्या भिंतीवर आजोबांनी आणखी एक कागद वाचला. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना, मिळकत कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढता येते. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. योजनेतल्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा उपचार तिच्यात मिळतो. आधार कार्ड लागते. आजोबांनी वहीत टिपून घेतले.

गुरुवार : पेटी

गुरुवारी रात्री देवळात भजन असते. आजोबा पेटी वाजवतात. पेटीत एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बारा पट्ट्या. डावा हात भाता मारतो, उजवा हात सूर काढतो. भात्याची हवा नसली, तर पट्टी दाबूनही आवाज येत नाही.

ही पेटी आपल्या मातीतली आहे, असे सर्वांना वाटते. पण तसे नाही. हार्मोनियम १८४२ साली पॅरिस शहरात अलेक्झांडर दबँ या कारागिराने नोंदवला. तो पायाने चालवायचा. पुढे आपल्या देशात मांडी घालून बसणाऱ्यासाठी हाताच्या भात्याची पेटी झाली. ती भजनात आली, नाटकात आली. आज पेटीवाचून भजन सुने वाटते. परकी वस्तू आपण शिकलो, की आपली होते. हे वाक्य लक्षात ठेवा, रविवारी त्याचे काम पडणार आहे.

म्हातारपणी गाणे-बजावणे कशाला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, तेव्हाच तर हवे. गाताना दीर्घ श्वास घ्यावा लागतो. ताल धरताना ध्यान लागते. चार माणसे भेटतात. जो आला नाही, त्याची चौकशी होते. एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्याला हे फार मोलाचे आहे.

शुक्रवार : फोन

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. “आजोबा, मी ट्रेझरीतून बोलतोय. तुमचा हयातीचा दाखला पोचलेला नाही. आज पेन्शन बंद होईल. तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येतील, ते सांगा. म्हणजे चालू ठेवतो.”

त्याला नाव ठाऊक होते. गाव ठाऊक होते. आवाज साहेबाचा होता. आजी घाबरली. म्हणाली, “अहो, सांगून टाका ना!”

आजोबांनी मोबाइल कानापासून काढला आणि आलेला निरोप वाचला. वेळ लागला, पण वाचला. निरोपात खाली लिहिले होते की, हा क्रमांक कोणालाही सांगू नये. आजोबा मनात म्हणाले, सोमवारी मी माझ्या हाताने, माझ्या ओळीवर सही केली आहे. मग दाखला पोचला नाही, असे कसे?

“मी बँकेत येऊन बोलतो,” असे सांगून त्यांनी फोन ठेवला.

हा फोन चोराचा होता. ते सहा आकडे म्हणजे खात्याच्या कुलपाची किल्ली. एका कामापुरती आणि थोडा वेळच चालणारी, पण किल्लीच. बँक ती फोनवर मागत नाही. ट्रेझरी मागत नाही. पोलिसही मागत नाहीत. जो मागतो, तो चोर, एवढे ध्यानात ठेवावे. चुकून आकडे सांगितले गेले आणि पैसे गेले, तर लाज वाटून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितके लवकर कळवाल, तितके पैसे मध्येच अडवले जाण्याची आशा जास्त.

शनिवार : साताऱ्याची फेरी

शनिवारी आजोबा डोळे तपासायला एस.टी.ने साताऱ्याला गेले. पासष्टपासून पंच्याहत्तर वर्षांपर्यंत एस.टी.त अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरी पूर्ण झाली, की राज्यातला एस.टी.चा प्रवास फुकट. ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवावा.

एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले पारदर्शक भिंग गढूळ होणे. कोणत्याही थेंबांनी ते पुन्हा स्वच्छ होत नाही. शस्त्रक्रिया करून नवे भिंग बसवतात, आणि नजर परत येते. आजोबा म्हणाले, “करून टाका. आत्ता कुठं वाचायला लागलोय!”

रविवार : संगणक

रविवारी नातवाने त्याचा जुना संगणक आणून दिला. त्यात विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती मिळणे बंद झाले. दार मोडके ठेवून घरात राहू नये, म्हणून नातवाने त्यावर लिनक्स बसवले. ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. मग त्याने कळफलकावर मराठी अक्षरांचे कागद चिकटवले.

मराठी लिहिण्याच्या या पद्धतीला इन्स्क्रिप्ट म्हणतात. हिची रचना तुमच्या बाराखडीवरच बेतलेली आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार डाव्या हाताला. बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘ताल’ लिहायचे असेल, तर उजव्या हाताने त, डाव्या हाताने काना, उजव्या हाताने ल. जोडाक्षराला मध्ये पाय मोडायचा. ‘रक्त’ लिहायचे तर र, क, पायमोडी, त. बोलतो त्या क्रमाने दाबत गेले, की झाले.

आजोबा हसले. म्हणाले, “अरे, ही तर माझी पेटीच. डावा हात हवा देतो, उजवा सूर काढतो.”

नातवाने त्यांना स्वतंत्र खाते करून दिले. परवलीचा शब्द आजोबांनी स्वतः ठरवला आणि वहीत लिहून वही ट्रंकेत ठेवली. पडद्यावर ‘होय’ आणि ‘नाही’ असे विचारले, की आजोबा आधी वरची ओळ वाचतात. समजली नाही तर ‘नाही’ दाबतात. सहीचे आणि या ‘होय’चे वजन सारखेच.

संध्याकाळी नातवाने त्यावर ‘गीतरामायण’ लावले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडके यांचे संगीत. १९५५ साली ती पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी सुरू झाली. तेव्हा ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर लोक जमत. त्या संध्याकाळी शेजारची चार माणसे आजोबांच्या ओसरीवर जमली.

रात्री सर्व निजल्यावर आजोबांनी एक एक अक्षर शोधून आपले पूर्ण नाव लिहिले. मग त्याच्या वर एक ओळ लिहिली : ‘वरील मजकूर मी वाचला आहे.’

अभ्यास

१. चिठ्ठीत १-१-१ आणि ०-१-० लिहिले असेल, तर गोळी केव्हा केव्हा घ्यावी?
२. मागील रीडिंग ४१२० आणि चालू रीडिंग ४२०५ आहे. किती युनिट झाले?
३. फोनवर सहा आकडे मागणाऱ्याला तुम्ही काय सांगाल? एक वाक्य लिहा.
४. गेल्या वर्षभरात तुम्ही कोणकोणत्या कागदांवर सही किंवा अंगठा केला? आठवतील तेवढे लिहा. त्यांपैकी घरात असलेला एक कागद उद्या वर्गात आणा. आपण तो मिळून वाचू.