सांगोल्याची शेततळी आणि तुझी सात पानं

चि. मृण्मयीस,


तुझी कन्सेप्ट नोट वाचली. गाइडबाईंनी तीन पानं मागितली होती, तू सात लिहिलीस, आणि त्यातली पहिली चार जगाच्या पाणीटंचाईवर खर्ची पडली आहेत. सांगोला पाचव्या पानावर उगवतो. ही नोट ज्या समितीपुढे जाईल तिथे त्या दिवशी असे कागद गठ्ठ्यानं असतात, चहा थंड होत असतो. पाचव्या पानापर्यंत कोणी पोचत नाही. ती चार पानं काढून टाक आणि वाईट वाटून घेऊ नकोस.

शीर्षकही बदल. ‘महाराष्ट्रातील जलव्यवस्थापन आणि शेततळी : एक चिकित्सक अभ्यास’ या साच्यातल्या प्रबंधांनी विद्यापीठांची कपाटं भरली आहेत. त्यात विषय आहे, प्रश्न नाही. विषय खोटा ठरू शकत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’ असंही येऊ शकतं, आणि तसं ते येऊ शकेल अशी मांडणी तू केली आहेस का, एवढंच या तीन पानांत बघायचं असतं.

प्रश्न तुझ्याकडे आहे. सहाव्या पानाच्या तळाशी तू तो एका वाक्यात टाकून दिला आहेस : डाळिंबवाल्यांची बरीच तळी पावसानं भरत नाहीत, विहीर-बोअरच्या पाण्यानं भरतात. अगं, हे पहिलं वाक्य हवं! २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, ५० हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं. कल्पना होती वाहून जाणारं पाणी अडवायची. पण तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरला की त्यातलं थेंबभरही मुरत नाही. पावसाळा सरताना विहिरी तुडुंब असतात, तेव्हा मोटर लावायची आणि पाणी वर आणून ठेवायचं. ज्याची मोटर आधी सुरू झाली, त्याचं पाणी. साऱ्या शिवाराखालचा साठा एकाच्या गटात येऊन बसतो. इथवरचं इतरांनीही लिहिलेलं आहे. तुझा प्रश्न त्यापुढचा : ज्याच्याकडे तळं नाही त्या शेजाऱ्याची विहीर त्यामुळे उन्हाळ्यात लवकर आटते का, आणि आटत असेल तर किती आधी? पूर्वीच्या अभ्यासांची यादी देऊ नकोस. ते कुठे थांबले तेवढं सांग आणि तिथून पुढे चालू लाग.

आकडे दे, पण कुठून तरी उचललेले नकोत, स्वतः मांडलेले दे. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं घे. बाजूंना एकास एक उतार धरला की तळाशी २४ बाय २४ उरतं. म्हणजे जवळपास २,२०० घनमीटर, २२ लाख लिटर. भर उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं असं धरलंस, तर काठोकाठ भरलेल्या तळ्यातून दिवसाला ७,२०० लिटर उडालं. पातळी उतरली की पृष्ठभाग आकसतो, तेव्हा हा वरचा अंदाज आहे, हेही लिही. हेच पाणी जमिनीखाली राहिलं असतं तर त्याला ऊन लागलं नसतं. एवढ्या हिशेबानं वाचणारा खुर्चीत सरसावून बसेल. ‘पाणी ही अमूल्य संपत्ती आहे’ या वाक्यानं नाही.

पद्धतीचं कलम फार ढिलं आहे. तळेवाल्यांचं उत्पन्न जास्त, म्हणून तळं फायद्याचं, असं तू गृहीत धरलंस. पण ज्याच्याकडे जमीन आणि भांडवल जास्त तोच आधी तळं खोदतो. मग उत्पन्न तळ्यामुळे वाढलं की उत्पन्न होतं म्हणून तळं आलं? प्रश्नावली कितीही लांब केलीस तरी हा गुंता सुटणार नाही. त्यापेक्षा विहिरी मोज. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेतली जाते. ती जरूर माग, तालुक्याचा कल त्यातून कळतो. शिवाराचं उत्तर मात्र मिळणार नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरातून फिरतं, आणि बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरीही वेगळं सांगतात. म्हणून टेप घेऊन तूच जा, तळ्याजवळच्या आणि लांबच्या विहिरी निवड. तळी मोजायला सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, पण त्यांतला एक ठिपका १० मीटरचा. तुझं अख्खं तळं नऊ ठिपक्यांत संपतं, तेव्हा प्रत्यक्ष पडताळणी कशी करणार तेही लिही.

एवढ्याशा दोन-तीन गावांना कोण विचारतो, ही तुझी धास्ती मला दिसली. त्यापायीच शीर्षकात ‘महाराष्ट्र’ आला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये एका पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला. जमिनीचे तुकडे, कर्ज, घरटी हिशेब, सगळं एका गावाचं. आज तिथे इमारतीच इमारती आहेत, पण शेतजमिनीच्या तुकड्यांवर लिहिणाऱ्याला अजून ते पुस्तक उघडावं लागतं.

निष्कर्षाचा तक्ता आत्ताच आखून बघ, आकडे रिकामे ठेवून. रकान्यांना नावं देता आली नाहीत, तर काय मोजायचं ते अजून ठरलेलं नाही असं समज.

वेळापत्रकात तू जूनपासून ‘क्षेत्रकार्य’ लिहिलंस. तळी भरतात पावसाळा सरताना, विहिरी आटतात एप्रिल-मेमध्ये. मंजुरी डिसेंबरात आली तर तळी भरतानाचा काळ हुकलेला असेल आणि पुढच्या पावसाळ्याची वाट बघावी लागेल. विद्यापीठाचं वर्ष पाण्याच्या वर्षाशी जुळत नाही. हे आधीच लिहिलेलं बरं, नाहीतर मुदतवाढीचे अर्ज करत बसशील.

आणखी एक, जे तुझ्या नोटमध्ये अजिबात नाही. २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरी खोदायला बंदी घातली. तू बांधावर उभी राहून ‘बोअर किती फूट?’ विचारशील तेव्हा तो शेतकरी खरं का सांगेल? माणसाचं नाव आणि गट नंबर कुठेही येणार नाही, हे लेखी कसं पाळणार ते नोटमध्ये हवंच. नुसतं ‘गोपनीयता राखली जाईल’ पुरत नाही. खोलीचा प्रश्नच गाळून फक्त पातळी मोजता येते का, तेही बघ. मला वाटतं येईल.

खर्चाचं पान ठीक आहे. लॅपटॉप काढ, सोबतच्या मुलांचं जेवण आणि मोटारसायकलचं पेट्रोल घाल.

नवा मसुदा आधी गाइडबाईंना दाखव, मग मला, मान त्यांचा. आणि ताई विचारत होती, सांगोल्यात राहणार कुठे? त्या खोलीचं भाडंही बजेटमध्ये दिसलं नाही.

तुझा,
मामा