नोव्हेंबरची नावे

शास्त्रवाचन : स्तोत्रसंहिता ९०, लूक १३:१-५

नोव्हेंबरच्या २ तारखेस कॅथलिक व इतर काही मंडळ्यांत मृत भाविकांचे स्मरण करण्यात येते. दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, प्रार्थना होतात. त्या वेळी आठवण येते ती आपल्याच माणसांची, आणि ते स्वाभाविकही आहे. या पाठासाठी मात्र आपण मंडळीबाहेरची, बंगळूर शहरातील काही नावे घेऊ.

सन २०१८ च्या नोव्हेंबरात या शहरात दोन आठवड्यांच्या आत तीन सुपरिचित व्यक्ती निवर्तल्या. १२ तारखेस केंद्रीय मंत्री अनंतकुमार कर्करोगाने गेले; वय अवघे ५९. २४ तारखेस कन्नड चित्रपटांतील लोकप्रिय नट व माजी मंत्री अंबरीश यांचे निधन झाले, आणि दुसऱ्याच दिवशी माजी रेल्वेमंत्री सी. के. जाफर शरीफ यांचे. शरीफ यांचे नाव आपल्याकडे फारसे निघत नाही. परंतु त्यांच्या कारकिर्दीत, १९९२ पासून, देशभरातील मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. मिरजेस उतरून लहान रुळांच्या गाडीने बंगळूर गाठलेले काही वाचक आजही असतील. त्यांना या कामाचे मोल सांगावयास नको.

असे मृत्यू लागोपाठ घडले की महिन्यालाच दोष देण्याचा मोह होतो. कोणी अपशकुन म्हणतो, कोणी त्यात देवाचा कोप शोधतो. प्रभू येशूपुढेही असाच विषय निघाला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण एकाच वेळी दगावले होते. ते इतरांहून अधिक पापी होते काय? प्रभूने हे स्पष्टपणे नाकारले आणि मेलेल्यांवरची दृष्टी ऐकणाऱ्यांकडे वळविली : तुम्ही जिवंत आहात, तुमच्या पश्चात्तापाचे काय? मृतांचा हिशेब मांडण्याचा अधिकार आपणांस दिलेला नाही, हे या पाच वचनांतून आपण शिकावे.

मग अशा नावांचे करावयाचे काय? याच शहरातील आणखी दोन नोव्हेंबर पाहा. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन १९७० च्या ऑक्टोबरअखेर प्रयोगशाळेत कोसळले. डॉक्टरांनी आशा सोडली होती, तरी ते काहीसे सावरले आणि रुग्णालयात न राहता आपल्या संस्थेच्या बागेत परतले. विज्ञान अकादमीची नियतकालिके बंद पडू देऊ नका, असे त्यांनी शेवटच्या दिवसांत आपल्या एका माजी विद्यार्थ्यास बजावले. २१ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. धार्मिक विधी त्यांना नको होते. तथापि स्तोत्र ९० मध्ये दिवस मोजण्याची जी बुद्धी मागितली आहे, तिचा विचार करताना या वृद्ध शास्त्रज्ञाचे ते तीन आठवडे मला वारंवार आठवतात.

दुसरे नाव समाजशास्त्रज्ञ म. न. श्रीनिवास यांचे, निधन ३० नोव्हेंबर १९९९. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून त्यांनी १९४८ साली माणसांचा बारकाईने अभ्यास केला. पुढे अमेरिकेत असताना, एप्रिल १९७० मध्ये, जाळपोळीत त्यांच्या संकलित टिपणांच्या तिन्ही प्रती भस्मसात झाल्या. तेव्हा त्यांनी ते गाव केवळ आठवणीतून लिहून काढले. तो ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शेतकरी आहेत, पाटील आहेत, भांडणे आहेत; वर्तमानपत्रात ज्यांच्या मृत्यूची ओळही आली नसती अशी ही माणसे. स्मरण म्हणजे श्रम असतात, हे त्यांच्याकडून आपल्या मंडळ्यांनीही घ्यावे.

वर्तमानपत्राची जागा कशी वाटली जाते, हे २२ नोव्हेंबर १९६३ ने दाखविले. त्या दिवशी ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांचे निधन झाले. पण त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्याने लुईस यांच्याकडे जगाचे फारसे लक्षच गेले नाही.

ख्रिस्ती नसलेल्यांसाठी उपासनेत देवाचे आभार मानावेत काय, असा प्रश्न अभ्यासवर्गात येईल. याकोब १:१७ वाचून त्यावर चर्चा करावी; माझ्या मते जरूर मानावेत. मग पाळकांची परवानगी घेऊन आपल्या मंडळीची दफनाची नोंदवही उघडावी, कोणत्याही एका महिन्यातील नावे वाचावीत, आणि त्यांतील शिक्षिका, परिचारिका, मजूर यांच्याविषयी मंडळीतील वृद्धांना जे आठवते ते लिहून घ्यावे.