शिवाच्या पशूची कवटी

शरीररचनाशास्त्र शिकविताना मी मानवी कवटीशेजारी आणखी एका कवटीचे चित्र ठेवीत असे. रुंद कपाळ, नेत्रकोटरांवर दोन शंकूसारखी शिंगे, आखूड चेहरा आणि कमानीसारखी पुढे आलेली नासास्थी. ही ‘शिवाथेरियम’ या नामशेष खुरधारी प्राण्याची कवटी. शिवालिक टेकड्यांत सापडली, म्हणून नावाचा अर्थ ‘शिवाचा पशू’.

तिचा अभ्यास आपल्याच व्यवसायातील गृहस्थाने केला, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. डॉ. ह्यू फाल्कनर १८३० साली ईस्ट इंडिया कंपनीचे सहायक शल्यचिकित्सक म्हणून हिंदुस्थानात आले आणि १८३२ मध्ये सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख झाले. त्यांचे सहकारी प्रोबी कॉटली हे कालव्यांचे अभियंते. हाताशी ना संग्रहालय, ना पुरेसे ग्रंथ! तेव्हा दोघांनी परिसरातील हयात प्राण्यांचे सांगाडे जमविले आणि जीवाश्मांतील हाडे त्यांच्याशी ताडून पाहिली. १८३६ मध्ये कवटीचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढल्याच वर्षी दोघांना लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे वोलॅस्टन पदक मिळाले.

दाढांवरून हा प्राणी रवंथ करणारा आहे, हे त्यांचे निदान अचूक ठरले. नाकाच्या ठेवणीवरून मात्र त्यांनी त्याला सोंड कल्पिली. कवटीच्या अवाढव्यपणामुळे तो हत्तीच्या जोडीचा असावा, हा समजही दीर्घकाळ टिकला. आज तो जिराफाच्या कुळात गणला जातो. मागची शिंगे पसरट व फाटे असलेली होती. सोंडेची कल्पना मागे पडली. २०१६ मध्ये लंडनमधील संशोधकांनी उपलब्ध हाडांवरून संगणकावर सांगाडा उभारला, तेव्हा वजन सुमारे १,२५० किलो भरले. म्हणजे हत्तीपेक्षा पुष्कळच कमी.

हे वाचताना मला माझ्या उमेदवारीतील एक क्ष-किरण चित्र आठवले. छातीतील एका डागावरून, रुग्णाला नीट न तपासता, मी क्षयाचे निदान लिहून मोकळा झालो होतो. तो डाग फासळीच्या जुन्या, जुळलेल्या अस्थिभंगाचा निघाला. बोटांनी फासळ्या चाचपल्या असत्या, तरी उमगले असते. दोन महिने त्या गृहस्थाने घरात वेगळे ताट-वाटी वापरली. फाल्कनरांपाशी उरलेले शरीर नव्हते. माझ्यापुढे ते खाटेवर बसले होते.

मूळ कवटी लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. हिमाचलात नाहनजवळ साकेती येथील जीवाश्म उद्यानात या चार शिंगांच्या जिराफाचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे. उत्तरेच्या प्रवासास निघणाऱ्या सभासदांनी वाट थोडी वाकडी करून तो पाहावा.