योगराज गुग्गुळाचा पाठ आणि विद्यापीठाचे ग्रंथालय

शास्त्रोक्त औषधाच्या परवान्यासाठी अर्ज करताना ग्रंथाधाराचा रकाना आपण बहुधा शेवटी भरतो, आणि तोही एखाद्या हस्तपुस्तिकेवरून. प्रस्तुत लेखकानेही तेच केले. काही वर्षांपूर्वी संगमनेर येथील स्वतःच्या लहानशा फार्मसीसाठी योगराज गुग्गुळाचा अर्ज सादर केला. आधार लिहिला : शार्ङ्गधर संहिता, मध्यम खंड, सातवा अध्याय. सोबत जोडलेल्या घटकद्रव्यांच्या यादीत मात्र एकही भस्म नव्हते. अर्ज परत आला, आणि तो योग्य कारणानेच परत आला.

शार्ङ्गधरोक्त योगराज गुग्गुळात वंग, रौप्य, नाग, लोह, अभ्रक, मंडूर व रससिंदूर ही सात द्रव्ये प्रत्येकी एक पल सांगितली आहेत. आज बाजारात ज्याला आपण महायोगराज म्हणतो तो पाठ हाच. भस्मविरहित योगराज भैषज्यरत्नावलीच्या आमवाताधिकारात येतो. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीनेही हे दोन पाठ याच दोन नावांनी वेगळे नोंदविले आहेत. म्हणजे यादी एका ग्रंथाची आणि आधार दुसऱ्याचा, असा तो प्रकार होता. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या प्रथम अनुसूचीतील ग्रंथांत असलेल्या पाठानुसारच जे औषध तयार होते तेच शास्त्रोक्त, हे आपण सर्व जाणतो. परंतु तो पाठ मूळ ग्रंथात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आपल्यात किती आहेत? उद्या नागभस्माचा पाठ नजरचुकीने भस्मविरहित नावाखाली बनला, तर परिणाम रुग्णाच्या शरीरावर होणार आहे, कागदावर नव्हे.

त्या निमित्ताने पुण्याच्या विद्यापीठातील जयकर ग्रंथालयाची वाट धरली. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. त्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातील आयुर्वेद महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे आधीच्या पिढीतील वैद्यांना हे ग्रंथालय परके नव्हते. आपल्यासाठी मात्र ते नव्याने ओळखून घ्यावे लागते. जाण्यापूर्वी दूरध्वनीवरून चौकशी करावी, परिषदेचे नोंदणीपत्र व ओळखपत्र जवळ ठेवावे आणि कोणता ग्रंथ कशासाठी हवा आहे हे पत्रात स्पष्ट लिहावे. ‘आयुर्वेदाची जुनी पुस्तके दाखवा’ असे म्हणणाऱ्यास कोणताही ग्रंथपाल मदत करू शकत नाही.

खरी अडचण सूचीत असते. शार्ङ्गधर हे एकच नाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिले जाते. कुठे ‘श’साठी एक अक्षर, कुठे दोन, कुठे ‘ङ’ गाळलेला. एका रूपाने ग्रंथ सापडला नाही म्हणून तो नाही असे समजू नये. संपादक व टीकाकार यांच्या नावानेही शोधावे. निर्णयसागर मुद्रणालयाची शार्ङ्गधर संहिता परशुरामशास्त्री विद्यासागर यांनी संपादित केलेली असून तीत आढमल्लाची दीपिका व काशीरामाची गूढार्थदीपिका या दोन्ही टीका आहेत. यांपैकी कोणत्याही नावाखाली नोंद मिळू शकते. मालेच्या नावाने शोध घेतल्यास तर पुष्कळ वेळा काम सोपे होते. पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत योगरत्नाकर चौथा, रसरत्नसमुच्चय एकोणिसावा, तर वृंदाचा सिद्धयोग सत्ताविसावा ग्रंथ होय. याच मालेत राजनिघंटु धन्वंतरीय निघंटूसह एकाच खंडात छापला आहे. राजनिघंटु या नावाने स्वतंत्र नोंद नसेल तर वाचक रिकाम्या हाताने परत येतो. शिवाय हे ग्रंथ वैद्यक विभागात न ठेवता संस्कृत विभागात ठेवलेले असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

ग्रंथ हाती आल्यावर प्रथम मुखपृष्ठ उतरवून घ्यावे : संपादक, मुद्रणालय, आवृत्ती, शक. जुन्या ग्रंथांवर बहुधा शकच असतो. त्यात ७८ मिळविले की इसवी सन येते (वर्षअखेरच्या महिन्यांत ७९). शके १८१८ म्हणजे १८९६. श्लोकांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून अध्याय व श्लोकांकासोबत आवृत्तीही लिहावी, अन्यथा तपासणाऱ्यास तो श्लोक त्या जागी सापडत नाही. त्यानंतर तळटीपा पाहाव्यात. यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्यासारख्या संपादकांनी निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद तेथे दिले आहेत, आणि स्वस्त पुनर्मुद्रणांत नेमका हाच भाग गळतो. टीका वाचण्याचा आळस करू नये. एखाद्या शब्दाने कोणते द्रव्य घ्यावे, मान कोणते धरावे, हे पुष्कळदा टीकाकारच सांगतो.

पाने ठिसूळ झालेली असतात. पुस्तक पूर्ण उघडून यंत्रावर दाबू नये. हवी ती चार पाने ग्रंथपालांच्या अनुमतीने वरून छायाचित्रित करावीत. यांतील अनेक ग्रंथांच्या प्रती आता इंटरनेट आर्काइव्हवर आहेत व प्रवासापूर्वी त्या अवश्य पाहाव्यात, परंतु गाळलेली व अर्धवट आलेली पाने तेथे वारंवार आढळतात. आमच्या शोधात नेमके हवे असलेले पान तिरके येऊन त्याची कडेची अक्षरे कापली गेली होती.

मुद्रित पाठांतच मतभेद असेल तर हस्तलिखितांकडे वळावे लागते. त्यासाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील शासकीय संग्रहाची वैद्यक विषयाची वर्णनात्मक सूची उपयुक्त आहे. हरदत्त शर्मा यांनी तयार केलेली ही सूची १९३९ साली प्रसिद्ध झाली. कोणत्या ग्रंथाची पोथी आहे व तिचे स्वरूप काय, हे तीवरून घरी बसून कळते आणि एक फेरी वाचते.

गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली नगरला आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. त्यांचे औषधिगुणधर्मशास्त्र आजही जिल्ह्यातील अनेक वैद्यांच्या मेजावर असते. कल्पाच्या उपयोगासाठी त्यासारखा मार्गदर्शक नाही; पण परवान्याच्या अर्जात नाव लिहिताना मूळ ग्रंथच पाहावा लागतो. प्रस्तुत लेखकाने दुसऱ्या वेळी अर्जासोबत भैषज्यरत्नावलीतील पाठाची प्रत, मुखपृष्ठाची प्रत आणि पल-कर्षांचे ग्रॅममध्ये केलेले कोष्टक (कर्ष १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम) जोडले. त्याच आठवड्यात फार्मसीतील उरलेल्या सव्वीस कल्पांचे आधार तपासावयास घेतले. त्यांपैकी नऊ अद्याप बाकी आहेत.