खाणावळीतील दुर्लक्षित भाग

खाणावळीत आलेला माणूस ताट स्वच्छ आहे की नाही ते पाहतो, पोळी गरम आहे की नाही ते पाहतो. ज्या किरकोळ भागांवर आतले सारे काम चालते, ते त्याला दिसत नाहीत. आश्चर्य असे की, आत राबणाऱ्यांनाही ते क्वचितच दिसतात. बेलापूरच्या एका खाणावळीत सकाळची भांडी घासून मी कॉलेजचा खर्च भागवितो. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

आमचा कुकर वीस लिटरचा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. मग आच कितीही वाढविली तरी डाळ लवकर शिजत नाही. बंद कुकरमध्ये वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोने वाढतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. जास्तीची वाफ शिट्टीचे वजन उचलून बाहेर पडते. तिची वाट म्हणजे शिट्टीखालची बारीक नळी. ती तुंबली तर? त्यासाठी झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली की त्यातील धातू वितळतो व वाफेला वाट मिळते.

मी झाकण लख्ख घाशीत असे, पण नळीत कधी डोकावलो नाही. एका सकाळी तूरडाळ लावली होती. बराच वेळ शिट्टी होईना. आमच्या आचाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी एकदम "बाजूला हो रे!" म्हणून मला दंडाला धरून ओढले आणि गॅस बंद केला. तेवढ्यात व्हॉल्व्ह उडाला, डाळ छताला लागली. नळीत डाळीची टरफले घट्ट बसली होती. चूक सर्वस्वी माझी होती.

नवा व्हॉल्व्ह श्रीरामपूरहून आणायचा होता. मालक म्हणाले, "आजच्यापुरता तिथं बोल्ट मारा. मेंबर थांबायचे नाहीत."

मामा म्हणाले, "शेठ, मग कुकरपाशी तुम्ही उभं राहा."

डाळ पातेल्यात शिजली. जेवण दीड तास उशिरा झाले, चार मेंबर उठून गेले. मालक आठवडाभर मामांशी बोलले नाहीत.

हा सारा मुलूख साखर कारखान्यांचा. कारखान्याच्या बॉयलरची तपासणी १९२३ च्या कायद्यापासून सक्तीची आहे. २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा आला. परंतु २५ लिटरपेक्षा कमी मावणाऱ्या भांड्याला तो लागू नाही. म्हणजे आमच्या कुकरचा इन्स्पेक्टर कोण? भांडी घासणारा पोरगा!

आता झाकण धुतले की मी ते उजेडाकडे धरतो. नळीतून पलीकडचे दिसले पाहिजे. रबरी रिंग कडक झाली किंवा तिला भेगा पडल्या तर ती बदलावी. बर्नरची ज्योत पिवळी दिसू लागली, पातेल्याचे बूड काळे होऊ लागले, तर बहुधा हवेची वाट तुंबलेली असते. गॅसच्या नळीच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी ओढून कधीही पाहू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साचतो. फ्रिजच्या दाराचे रबर तपासायला कागदाचा कपटा पुरतो. दार लावल्यावर तो सहज ओढून निघाला, तर थंडावाही तिथूनच निघून जात असतो.

गेल्या महिन्यात मालकांनी दोन जास्तीचे व्हॉल्व्ह आणून मसाल्याच्या फळीवर डब्यात ठेवले. मामांना त्यांनी ते सांगितले नाही, मला सांगितले.