जुन्या मोटारीची टायमिंग साखळी : झीज कशी ओळखावी आणि साखळी कशी बदलावी

मोटार जुनी झाली की तिच्या एंजिनातून येणाऱ्या प्रत्येक आवाजाबद्दल मालकाच्या मनात शंका निर्माण होते. काही मालक आवाजाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतात, तर काही आवाज ऐकताच संपूर्ण एंजिन खोलण्यास संमती देतात. दोन्ही मार्ग सारखेच खर्चिक आहेत. एंजिनाच्या पुढील भागातून येणाऱ्या खळखळाटाच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. या खळखळाटाचे कारण पुष्कळदा टायमिंग साखळीची झीज हे असते. परंतु ते नेहमीच असते असे नाही. झिजलेली साखळी वेळीच ओळखून बदलली तर जुने एंजिन आणखी अनेक वर्षे सेवा देते. निदान चुकले तर पैसा वाया जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

या लेखात उदाहरण म्हणून महाराष्ट्राच्या परिचयाची प्रीमियर पद्मिनी ही पेट्रोल मोटार घेतली आहे. फियाट ११०० या इटालियन मोटारीवरून मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने दीर्घकाळ सेवा केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली. तथापि खाजगी मालकांनी जतन केलेल्या अनेक पद्मिनी आजही धावत आहेत. त्यांची जाण असलेले कारागीर मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत.

साखळीचे कार्य

पद्मिनीचे पेट्रोल एंजिन चार सिलिंडरांचे आहे. सिलिंडराचा व्यास ६८ मिमी व दट्ट्याची धाव ७५ मिमी असून एकूण धारणक्षमता १,०८९ घन सेंमी आहे. झडपा सिलिंडराच्या वर, डोक्यात बसविलेल्या असतात. त्यांची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट मात्र खाली, एंजिनाच्या ठोकळ्यात असतो. कॅमशाफ्टला फिरविणारी साखळी एंजिनाच्या पुढील बाजूस पत्र्याच्या झाकणाआड असते.

चतुर्घाती एंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. म्हणून कॅमशाफ्टवरील दंतचक्राला क्रँकशाफ्टवरील दंतचक्राच्या दुप्पट दाते असतात. साखळी या दोन चक्रांना जोडते आणि दट्ट्या व झडपा यांचा मेळ राखते. ठिणगीचे वाटप करणारा डिस्ट्रिब्यूटरही कॅमशाफ्टवरूनच फिरतो. साखळी ढिली झाली की झडपांचा व ठिणगीचा, दोहोंचाही समय बिघडतो.

साखळी ‘लांबते’ म्हणजे काय?

कारागिरांच्या बोलीत साखळी ‘लांबली’ असे म्हणतात. प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही. साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक खिळा व त्याभोवती एक नळी असते. या दोहोंची झीज होऊन सांध्यात किंचित फट पडते. एका सांध्यातील फट क्षुल्लक असते; पण ६० कड्यांच्या साखळीत प्रत्येक सांधा केवळ ०.०५ मिमी झिजला, तरी एकूण लांबी ३ मिमीने वाढते.

साखळी लांबली की कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या मागे पडतो. कॅमशाफ्टवरील एका अंशाचा उशीर क्रँकशाफ्टच्या हिशेबाने दोन अंशांचा होतो. झडपा उशिरा उघडतात व उशिरा मिटतात. कमी वेगात गाडीची ओढ घटते, चढावर वरचा गिअर सोडावा लागतो, पेट्रोल अधिक लागते आणि धुरातील अर्धवट जळालेल्या वायूंचे प्रमाण वाढते. या झिजेचे प्रमुख कारण म्हणजे तेलाची हेळसांड. तेलाची पातळी कमी राहिली किंवा तेल वेळेवर बदलले नाही, तर त्यातील धूळ व काजळी सांध्यांत शिरून कानशीसारखे काम करते.

आवाजाची पारख

झिजलेल्या साखळीचा आवाज एंजिनाच्या पुढील झाकणामागून येतो. एंजिन मंद गतीने चालत असताना तो अधिक स्पष्ट असतो. वेग स्थिर ठेवल्यास आवाज कमी होतो. पेडलवरील पाय एकदम काढल्यास सैल साखळी झाकणाला घासल्याचा खरखराट ऐकू येतो. लांब पेचकसाचे टोक झाकणावर आणि मूठ कानाजवळ धरल्यास आवाजाचे स्थान चांगले कळते. हे करताना पंखा व पट्ट्यापासून हात, बाह्या व गळ्यातील वस्त्र दूर ठेवावे. बंदिस्त गॅरेजमध्ये एंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो.

साखळीला दोष देण्यापूर्वी इतर शक्यता वगळाव्यात. टॅपेटचा आवाज हलका, टकटक असा, वरच्या झाकणाखालून येतो आणि फटमापकाने फट योग्य केल्यावर थांबतो. पाण्याचा पंप किंवा डायनामो यांच्या बेअरिंगचा आवाजही पुढूनच येतो. त्यासाठी पंख्याचा पट्टा काढून थंड एंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवावे. आवाज नाहीसा झाल्यास साखळी निर्दोष आहे, असे समजण्यास हरकत नाही. पट्ट्याविना पाण्याचा पंप बंद राहतो, म्हणून ही चाचणी लांबवू नये. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगचा ठोका मात्र खोल व जड असतो. तो गाडीवर भार येताच वाढतो आणि त्याबरोबर तेलाचा दाबही घटतो.

मोजमापाने निदान

कानाने आलेला संशय मोजमापाने पडताळून पाहावा. त्यासाठी झाकण उघडण्याची आवश्यकता नसते. बॅटरीची तार सोडावी, स्पार्क प्लग काढावेत व डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडावे. क्रँकशाफ्ट पुढून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. त्याच दिशेने तो पान्याने किंवा हँडलने सावकाश फिरवून थांबवावा आणि पुलीवर व तिच्या समोरील स्थिर भागावर खडूने खूण करावी. नंतर पुली उलट दिशेने हळूहळू फिरवावी. डिस्ट्रिब्यूटरमधील रोटर हलू लागताच थांबून दोन खुणांमधील अंतर मोजावे.

१२० मिमी व्यासाच्या पुलीवर एक अंश म्हणजे परिघावरील जवळजवळ १ मिमी. पुली लहान वा मोठी असल्यास त्याच प्रमाणात हिशेब करावा. सर्वसाधारण ठोकताळा असा की, पाच अंशांपर्यंतचा ढिलेपणा चिंतेचा नसतो. दहा अंशांच्या पुढे गेल्यास साखळी बदलण्याची तयारी करावी. झडपेच्या स्प्रिंगचा दाब कॅमशाफ्टवर येत असल्याने एखाद्या स्थितीत ढिलेपणा लपून राहतो. म्हणून हे मोजमाप तीन-चार निरनिराळ्या स्थितींत घ्यावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रोटरचा ढिलेपणा डिस्ट्रिब्यूटरच्या स्वतःच्या दंतचक्रांतूनही येऊ शकतो. म्हणून वरचे झाकण काढून रॉकर केव्हा हलतो तेही पाहावे. रॉकर पुलीबरोबर लगेच हलला आणि रोटर मात्र मागे राहिला, तर दोष डिस्ट्रिब्यूटरकडे आहे. दोन्ही सारख्याच प्रमाणात मागे राहिले तर दोष साखळीचा आहे.

आणखी दोन साधने या निर्णयाला पुष्टी देतात. टायमिंग लाइटखाली पुलीवरील खूण स्थिर न राहता मागेपुढे थरथरत असेल, तर ठिणगीचा समय डळमळीत आहे, हे निश्चित होते. निर्वातमापकाचा काटा मंद गतीला स्थिर असूनही नेहमीपेक्षा खाली असेल, तर झडपा उशिरा चालत असल्याचा संशय बळावतो. समुद्रसपाटीला सुस्थितीतील एंजिन साधारणतः १७ ते २१ इंच पारा इतका निर्वात दाखविते. उंचीच्या दर हजार फुटांमागे हे मान सुमारे एक इंचाने घटते. मुंबईतील निरोगी गाडी सुमारे ४,५०० फूट उंचीवरील महाबळेश्वरला चार-साडेचार इंच कमी दाखवील. तो दोष मानू नये.

बदलण्याची पूर्वतयारी

साखळी एकटी बदलू नये. झिजलेल्या साखळीबरोबर दोन्ही दंतचक्रांचे दातेही झिजलेले असतात आणि अशा दात्यांवर बसविलेली नवी साखळी लवकरच निकामी होते. साखळी, दोन्ही दंतचक्रे, पुढील ऑइल सील, झाकणाचे गॅसकेट आणि बोल्ट अडविणाऱ्या पट्ट्या एकाच वेळी आणाव्यात. ताणक असलेल्या एंजिनात ताणकही तपासावा. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आज निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा करावे लागतात. म्हणून खरेदी करताना नव्या साखळीच्या कड्या व चक्रांचे दाते मोजून जुन्यांशी ताडून घ्यावेत.

कामाचा क्रम

एंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी काढावे. बॅटरीची तार सुटलेली असावी. रेडिएटर, पंखा व पट्टा काढून पुढे जागा करावी. पुलीच्या नटाची अडवणूक पट्टी सरळ करून नट सोडवावा. पुली व तिच्याशी जोडलेले भाग ओढणीने काढावेत. हातोडीचे घाव घालू नयेत. झाकणाचे बोल्ट कोणत्या जागचे आहेत, हे पुठ्ठ्यावर आकृती काढून त्यात तसेच खोवून ठेवावे.

झाकण निघाल्यावर लगेच साखळी काढण्याची घाई करू नये. क्रँकशाफ्ट सरळ दिशेने फिरवून दोन्ही चक्रांवरील खुणा निर्मात्याच्या पुस्तिकेत दाखविलेल्या स्थितीत आणाव्यात. बहुतेक जुन्या एंजिनांत त्या एकमेकींसमोर येतात. या वेळी पहिला दट्ट्या सर्वांत वर असला, तरी ती पहिल्या सिलिंडराच्या ठिणगीची वेळ असेलच असे नाही. चौथ्या सिलिंडराची असू शकते. म्हणून रोटरची दिशा टिपून ठेवावी आणि डिस्ट्रिब्यूटर जागचा हलवू नये.

यानंतर कॅमशाफ्टच्या चक्राचे बोल्ट काढून दोन्ही चक्रे साखळीसह एकत्रच पुढे सरकवावीत. साखळी निघाल्यावर क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्ट फिरवू नये. जुनी साखळी आडवी, कड्यांची बाजू वर करून हातात धरावी. तिची टोके धनुष्यासारखी खाली वाकली, तर सांध्यांची झीज डोळ्यांना दिसते. आकड्यासारखे वळलेले दाते, सैल चावी आणि चक्रामागील पातळ चकत्या यांचीही पाहणी करावी. त्या चकत्या होत्या तेथेच परत घालाव्यात; दोन्ही चक्रे एका रेषेत आहेत की नाहीत, हे सरळ पट्टी लावून तपासावे.

नवी साखळी स्वच्छ एंजिन तेलात भिजवून घ्यावी. चक्रांवरील खुणा जुळवून साखळी त्यांवर चढवावी आणि सर्व संच एकत्रच बसवावा. बोल्ट पुस्तिकेतील मापानुसार आवळून नव्या पट्ट्या दुमडाव्यात. नंतर सर्वांत महत्त्वाची तपासणी करावी. क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. खुणा पुन्हा तंतोतंत समोरासमोर आल्या पाहिजेत. मध्येच अटकाव जाणवल्यास जोर न लावता थांबून कारण शोधावे. २० दात्यांच्या क्रँकशाफ्ट चक्रावर एका दात्याची चूक म्हणजे १८ अंशांची चूक. अशा चुकीने एंजिन नीट चालत नाही आणि काही एंजिनांत झडप दट्ट्यावर आदळून वाकते. हाताने फिरविलेले दोन फेरे ही हानी टाळतात.

झाकणात नवे ऑइल सील बसवून त्याच्या ओठाला तेल लावावे. झाकण सैल ठेवून पुली आत सरकवावी, म्हणजे सील मध्यावर येते. मग बोल्ट समान आवळावेत. रेडिएटर व इतर भाग बसवून पाणी व तेल भरावे. टॅपेटची फट व ठिणगीचा समय नव्याने जुळवावा. पूर्वीचा समय ढिल्या साखळीच्या हिशेबाने लावलेला असल्याने तो आता पुढे गेलेला असतो. ही गोष्ट विसरल्यास नवी साखळी असूनही एंजिन चढावर ठणठणते आणि दोष उगाच नव्या भागांना दिला जातो.

एंजिन सुरू झाल्यावर प्रथम तेलाचा दाब व गळती पाहावी. पाचशे किलोमीटरनंतर ठिणगीचा समय पुन्हा तपासावा. पुढे तेल वेळेवर बदलत राहणे, हाच साखळीच्या दीर्घायुष्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी वाहनाच्या योग्यतेची परीक्षा होते. धूर तपासणीही वेळोवेळी असतेच. साखळीचे हे काम नीट झालेली गाडी या परीक्षांना निर्धास्तपणे सामोरी जाऊ शकते. त्याहून मोठा लाभ वेगळाच आहे. यंत्राचा दोष अंदाजाने न ठरविता मोजून ठरविण्याची शिस्त या कामातून अंगी बाणते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार दुरुस्ती शिकणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने जुन्या एंजिनाचे उघडे झाकण हा उत्तम पाठ आहे. येथे प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताने फिरविता येतो आणि चुकीचा परिणामही लगेच कळतो. जाणत्या कारागिरांनी ही विद्या नव्या हातांकडे सोपविली, तर जुनी वाहने आणि जुने कौशल्य दोन्ही टिकून राहतील.