रकान्यात 'जोडीदार'च लिहा

मेलबर्नमध्ये माझा जोडीदार आणि मी अर्धं आयुष्य एकाच घरात काढलं. पक्षाघातानंतर त्याला हॉस्पिटलातून थेट केअर होममध्ये हलवायचं ठरलं, तेव्हा हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांनी कागद भराभर भरून टाकले. वैवाहिक स्थिती: एकटा. जवळची नातेवाईक: त्याची भाची. माझ्या नावापुढे: मित्र. धावपळीत मला कुणी विचारलंच नाही.

फटका बसला तो खर्चाचं पत्र आल्यावर. केअर होमची फी ठरवण्यासाठी सेंटरलिंक हे सरकारी कार्यालय उत्पन्न आणि मालमत्ता तपासतं. माणूस एकटा असेल तर त्याचं राहतं घरही साधारण २ लाख डॉलरच्या मर्यादेपर्यंत मोजतात. घरात जोडीदार राहत असेल तर घर हिशेबात धरतच नाहीत; बाकीची मालमत्ता कुणाच्याही नावावर असो, दोघांची एकत्र करून निम्मी-निम्मी मांडतात. आमचं घर त्याच्या नावावर. ते विकून टाका, असा सल्लाही एकाने दिला. मग मी राहायचं कुठे?

कायदा आमच्या बाजूने होता, आणि हेच मला कळकळीने सांगायचं आहे. १ जुलै २००९ पासून ऑस्ट्रेलियात पेन्शन आणि वृद्धसेवेच्या हिशेबात समलिंगी जोडपं हे जोडपंच आहे. समलिंगी विवाहाला मान्यता डिसेंबर २०१७ मध्ये मिळाली, पण या कामासाठी लग्न झालेलं असावं लागत नाही. एकत्र संसार असल्याचं दाखवावं लागतं. फेरतपासणीच्या अर्जाला आम्ही जॉइंट खात्याचे उतारे, दोघांच्या नावाचं विजेचं बिल आणि मृत्युपत्रं जोडली. शेजारच्या आजींनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं की हे दोघं दर नाताळला आमच्याकडे जोडीनेच जेवायला येतात. निकाल बदलला, घर वाचलं. पण त्याच्या उशाशी बसायच्या दिवसांत मी कागदांच्या मागे धावत होतो.

काही जण म्हणतात, नातं सांगूच नका, पेन्शन कमी होईल. जोडप्याचं पेन्शन दोन एकट्यांच्या बेरजेपेक्षा कमी असतं, हे खरं. तरी लपवू नका. जास्तीची रक्कम सरकार पुढे वसूल करतं. शिवाय आजारपणामुळे वेगळं राहावं लागलं तर प्रत्येकाला एकट्याच्या दराने पेन्शन मिळतं. त्यासाठी तसं कळवावं लागतं.

आमच्या पिढीची भीती मला कळते. टास्मानियात १९९७ पर्यंत पुरुषांमधलं असं नातं गुन्हा होतं. चर्चच्या केअर होममध्ये आपलं काय होईल, ही धास्ती अनेकांना असते. पण सरकारी अनुदान घेणाऱ्या कुठल्याही केअर होमला, मग ते धार्मिक संस्थेचं का असेना, २०१३ पासून लैंगिकतेवरून सेवा नाकारता येत नाही.

तेव्हा दोघंही धडधाकट असतानाच बसा. खाती, बिलं, मृत्युपत्रं एका फाइलीत लावा. उपचारांचे निर्णय कुणी घ्यायचे, त्याचं अधिकारपत्र सही करून ठेवा. भान हरपल्यावर ती सही चालत नाही. हॉस्पिटलने भरलेला प्रत्येक कागद मागून घ्या आणि वाचा. अडलंत तर ओपॅन ही वृद्धांची बाजू मांडणारी संस्था मोफत मदत करते, तिला फोन करा.